लिलीपासून शंभर दिवस

चहाचा चमचा व्हिनेगरने काठोकाठ भरला की त्याचा वरचा भाग सपाट राहत नाही. कडेपेक्षा जरासा वर फुगतो, थरथरतो, पण सांडत नाही. हात स्थिर असेल तर तो फुगवटा पातेल्यापर्यंत तसाच नेता येतो. रेजीनचा हात बासष्टाव्या वर्षीही स्थिर होता. तिने एक चमचा पातेल्यात रिकामा केला, दुसरा भरला, तोही रिकामा केला आणि बाटली पिठाच्या डब्यामागे ठेवून दिली.

पातेल्यात बारीक चिरलेले छोटे कांदे मस्कादे वाईनमध्ये मंद आचेवर शिजत होते. वाईन आटून कांदे नुसते ओलसर उरले की थंड लोण्याचे तुकडे एकेक करून घालायचे आणि घोटत राहायचं. उकळी फुटू द्यायची नाही. ल्वार नदीतल्या पाइक माशावर फ्रान्सच्या या काठाला दुसरं काही घालत नाहीत. काही घरांत वाईनबरोबर व्हिनेगरही घालतात. पण रेजीनच्या आईचं मत होतं की सॉसमध्ये व्हिनेगर घालणं म्हणजे आपल्याकडची वाईन कुचकामी आहे असं गावभर सांगत सुटणं. लोण्याचा जडपणा कापायला जी धार लागते ती वाईनचीच असली पाहिजे. आईने हा नियम या खानावळीच्या स्वयंपाकघरात चाळीस वर्षं पाळला आणि तिच्यामागून रेजीनने पाळला. सॉसमध्ये वाईनही कायम एकाच घरची पडत आली होती. रेजीनच्या थोरल्या बहिणीच्या, क्लेमांसच्या सासरची. म्हणजे आरिस्तीद भावोजींची.

गेली तीन वर्षं त्या वाईनचं काहीतरी बिनसलं होतं.

तशी ती वाईट नव्हती. वास स्वच्छ होता, रंग फिका आणि नितळ होता, पिंपाच्या तळाशी बसलेल्या साक्यावर हिवाळाभर मुरलेल्या वाईनला जिभेवर जी बारीक चुणचुण असते तीही होती. फक्त धार गेली होती. पूर्वी पहिल्या घोटाला जिभेच्या दोन्ही कडांना पाणी सुटायचं. आता ती गुळमुळीत लागे. तिच्याबरोबर कालवं खाल्ली तर ती नुसतीच खारट लागत. शेळीच्या दुधाचं चीज खाल्लं तर तोंडात खडू चघळल्यासारखं होई. लसूण घालून तळलेली वाम खाल्ली तर तेल टाळूला चिकटून बसे, आणि चार घोट प्यायलं तरी हलत नसे. सॉसचं तर विचारूच नका. पहिल्या वर्षी रेजीनने त्यात अर्धा चमचा व्हिनेगर घातलं. गेल्या वर्षी एक. यंदा दोन.

भावोजींना सांगायचं, हे तिने तीन वर्षांपूर्वीच मनाशी ठरवलं होतं. मग वाटलं, एखादं वर्ष जातं असं. पुढच्या वर्षी वाटलं, क्लेमांसला जाऊन फार दिवस झालेले नाहीत, माणूस अजून सावरतोय. त्याच्या पुढच्या वर्षी वाटलं, दोन वर्षं बोलले नाही, आता कोणत्या तोंडाने बोलायचं? प्रत्येक वेळचं कारण त्या त्या वेळी अगदी पटण्यासारखं होतं.

पण सॉसमध्ये जे लपवता येतं ते कालवात लपवता येत नाही. सप्टेंबर लागला की कालवांचा मोसम सुरू व्हायचा. गेल्या हिवाळ्यात दर रविवारी कालवं खायला येणारी तीन घरं हळूहळू नदीपलीकडच्या खानावळीत जायला लागली होती. भांडण नाही, तक्रार नाही. नुसती यायची बंद झाली. यंदा आणखी किती जातील याचा हिशेब रेजीनने केला नव्हता, कारण तो तिला करायचा नव्हता.

नादेज दाराला खांदा लावून आत आली. दोन्ही हातांत उष्ट्या ताटल्या होत्या. ती अकरा वर्षं इथे वाढपाचं काम करत होती आणि तिच्यापासून लपेल असं या खानावळीत काही उरलं नव्हतं.

"बाई, भावोजी आले तुमचे. खिडकीपाशी बसलेत."

"त्यांची बाटली बर्फात आहे ना?"

"सकाळी नऊपासून. अजून जरा ठेवली तर ओतायच्या ऐवजी फोडून वाढावी लागेल."

"राहू दे."

"मी कुठे काय म्हणतेय? इतकी गार केली तर नळाचं पाणीसुद्धा मस्कादे लागेल." तिने ताटल्या खाली ठेवल्या आणि आवाज उतरवला. "पेरीनचा काल परत फोन आला होता. तिने चाखायला दिलेली बाटली जूनपासून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात पडून आहे. काय सांगू तिला?"

"सांग, बघते म्हणावं."

"जूनमध्ये हेच सांगितलं. जुलैतही हेच. बघून बघून डोळे जातील हो तुमचे."

पेरीन ही टेकडीपलीकडची द्राक्षबागायतदार. वय पस्तीस, आवाज मोठा, हातात कायम कुठली तरी नळी किंवा बाटली. तिने या सोमवारीच तोडणी सुरू केली होती. तिची वाईन रेजीनने एकदा गुपचूप चाखली होती, बाजारात मिळालेल्या एका बिनमोसमी कालवाबरोबर, उभ्या उभ्या, स्वतःच्याच स्वयंपाकघरात चोरासारखी. मग बूच परत लावून बाटली पार मागे सरकवली होती. ती कशी होती हे तिने नादेजलाही सांगितलं नव्हतं.

लोणी सगळं पडलं. सॉस दाट, पांढरा, किंचित चकाकता झाला. रेजीनने पाइकच्या तुकड्यांवर तो ओतला आणि ताटली स्वतःच घेऊन बाहेर गेली. भावोजी दर गुरुवारी जेवायला येत, आणि त्यांची ताटली ती नादेजकडे देत नसे.

आरिस्तीद चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. इस्त्री केलेला शर्ट, दाढी त्याच सकाळी केलेली, ताटाशेजारी खिशातला स्वतःचा चाकू उघडून ठेवलेला. तळलेल्या बारीक माशांची बशी त्याने संपवत आणली होती. शेजारच्या टेबलावर गाबोरी बसले होते. त्यांनी तीस वर्षं गावात औषधांचं दुकान चालवलं आणि निवृत्त झाल्यावर रोजच्या जेवणाला इथे यायला लागले.

"औषधवाले, रंग बघा जरा वाईनचा," आरिस्तीद ग्लास उजेडात धरून म्हणाला.

"रंग बघितला. चवीचं काय ते ती वितळल्यावर सांगतो," गाबोरी म्हणाले. "रेजीन, एवढी गार वाईन मी जन्मात दोनदाच प्यायलो. एक तुझ्याकडे आणि एक सैन्यात असताना. तिथे निदान बाहेर बर्फ तरी पडत होता."

"तुमचे दात उरलेत कुठे थंडी वाजायला?"

"दात नसू देत. हिरड्या आहेत, त्यांना भावना आहेत."

रेजीन हसली आणि तिने ताटली ठेवली. आरिस्तीदने नेहमीप्रमाणे माशाला हात लावला नाही. आधी पावाचा तुकडा मोडला, सॉसमध्ये बुडवला, तोंडात घातला आणि डोळे मिटले. थोडा वेळ तसाच बसला. मग मान हलवली.

"आहे," तो म्हणाला.

दर गुरुवारी तो एवढंच म्हणे. रेजीनला ती सॉसची तारीफ वाटायची.

"पेरीनचं मशीन सोमवारपासून फिरतंय," गाबोरी म्हणाले. "तुमची तोडणी कधी?"

"पोरीला घाई फार. प्रयोगशाळेत मणी पाठवते, कागद येतो, कागद म्हणाला तोडा की तोडते. आमच्याकडे कागद नाही. लिली उमलली की शंभर दिवस. आजोबांनी तसं केलं, वडिलांनी तसं केलं. साखर मोजायचं यंत्र आहे माझ्याकडेही, खोटं नाही सांगत. साखर तर दरवर्षी भरघोस येतेय. वडिलांच्या वेळी नव्हती एवढी."

"मग कधी भरतात शंभर?"

"पंधराला. तो रविवार आहे. सोळाला कात्री लावायची."

गाबोरींनी बोटांवर उलटं मोजलं. "म्हणजे लिली जूनमध्ये उमलली? एवढ्या उशिरा?"

"सात जूनला. मी तिथेच होतो की." आरिस्तीदचा आवाज खाली आला. "क्लेमांसच्या दगडावरचं शेवाळ ब्रशने घासत होतो. घासता घासता मान वर केली तर पहिली कळी उघडलेली. आदल्या दिवशी मिटलेली होती. आता मला सांगा, कुठल्या प्रयोगशाळेचा कागद असा येतो?"

गाबोरींनी मान हलवली आणि ते आपल्या जेवणाकडे वळले. रेजीन मात्र तिथेच उभी राहिली.

"भावोजी, तुम्ही कबरीवरच्या लिलीपासून मोजता?"

"मग कुठल्या? घरी आहे कुठे आता? कंद सगळे तिच्याकडे नेऊन लावले ना मी, ती गेली त्याच वर्षीच्या ऑगस्टात. तूच तर बादली धरली होतीस."

"हो. धरली होती," रेजीन म्हणाली आणि आत गेली.

स्वयंपाकघरात तिने लोण्याच्या वेष्टणाचा कागद उलटा केला, पेन्सिल घेतली आणि बसली.

ती लिली पूर्वी आरिस्तीदच्या घराच्या दक्षिणेकडच्या भिंतीपाशी असायची. चुन्याने रंगवलेली भिंत, दिवसभर ऊन खाणारी. सूर्य बुडाल्यावर तासभर तिला पाठ टेकून बसलं तरी ऊब लागे. क्लेमांस दरवर्षी इथल्या मातृदिनाला तिथला फुलांचा एक दांडा कापून आईसाठी घेऊन यायची. मेच्या शेवटच्या रविवारी. फुलं पूर्ण उघडलेली असत आणि त्यांचे पिवळे परागकण टेबलावरच्या कापडावर गळत. तो डाग कशानेही जात नसे. आई दरवर्षी चिडायची. "मला फूल आण, रंगकाम नको," असं म्हणायची आणि कापड बदलायची. एकही मातृदिन त्या डागाशिवाय गेला नव्हता. म्हणजे मेच्या शेवटच्या रविवारपर्यंत तिथली लिली नक्की उमललेली असे, बहुतेक दोन-तीन दिवस आधीच.

क्लेमांसची कबर चर्चच्या उत्तरेला होती. तिथे सकाळी अकरापर्यंत ऊन पोचत नसे. हिवाळ्यात तर तीन महिने पोचतच नसे.

तिने कागदावर लिहिलं: भिंत, चोवीस मे. त्यापासून शंभर दिवस, एक सप्टेंबर. त्याच्याखाली: कबर, सात जून. त्यापासून शंभर, पंधरा सप्टेंबर. मधे चौदा दिवस. द्राक्ष पिकायच्या शेवटी चौदा दिवस ऊन खात वेलीवर राहिलं तर साखर चढत जाते आणि आंबटपणा उतरत जातो. साखर मोजणाऱ्या यंत्रात पहिली गोष्ट दिसते, दुसरी दिसत नाही. आणि उतरलेला आंबटपणा परत चढत नाही. तो मग चमच्याने घालावा लागतो.

आज एकोणतीस ऑगस्ट होता.

कंद काढताना बादली धरून ती शेजारी उभी होती. कबरीवरच्या लिलीला चार उन्हाळे तिने स्वतः पाणी घातलं होतं. वाईन कशाने बिघडली हे तिने जमिनीला विचारलं, पावसाला विचारलं, भावोजींच्या म्हातारपणालाही मनातल्या मनात विचारलं. लिलीला विचारायचं सुचलं नव्हतं.

"लोणी फाटलं का?" नादेजने विचारलं.

"नाही."

"मग तोंड कशाने फाटलं?"

रेजीनने एप्रन सोडून खुंटीला लावला. "चीज आणि गोड तू वाढ. मी भावोजींबरोबर मळ्यात जाऊन येते."

"आत्ता? भर गुरुवारी?" नादेजने तिच्याकडे नीट पाहिलं आणि पुढचा टोमणा गिळला. "जा. गाबोरींनी विचारलं तर सांगते, बाई बर्फ आणायला गेल्यात."

मळा आरिस्तीदच्या घराच्या मागेच, चढावर होता. खानावळीपासून पायी पाव तास. आरिस्तीदला बरोबर कोणीतरी चालतंय याचाच आनंद झाला होता. वाटेत तो कुठल्या ओळीत मातीखाली खडक वर आलाय, कुठे सशांनी नवे कोंब खाल्ले, हे सांगत राहिला. रेजीन हूं हूं करत राहिली. खाली नदीचं पाणी उन्हाळ्यामुळे ओसरलं होतं आणि वाळूचे पट्टे उघडे पडले होते.

पहिल्याच ओळीत ती वाकली आणि पानांआडच्या घडाचा एक मणी तोडून तिने तोंडात टाकला. साल चावली. आधी जिभेच्या दोन्ही कडांना आंबट झोंबलं, लख्ख, आणि त्यामागून गोडी आली. बी दाताखाली कटकन वाजली. तिने ती तळहातावर काढून पाहिली. तपकिरी होती, हिरवी नव्हती. तिने पुढच्या ओळीतला एक मणी खाल्ला, मग वरच्या अंगाचा, मग सावलीतला. चारही जवळपास सारखे.

"भावोजी, द्राक्षं तयार आहेत."

"होत आलीत. पंधराला बघ कशी होतात."

"पंधराला उशीर होईल. आज तयार आहेत. फार तर सोमवारपर्यंत."

आरिस्तीद हसला. "तू पेरीनकडे नोकरी धरलीस का?"

"ऐका ना. घरच्या भिंतीजवळ लिली कधी उमलायची? क्लेमांस मातृदिनाला आईकडे घेऊन यायची ती फुलं. उघडलेली असायची, की कळ्या?"

"उघडलेली. तुझी आई ओरडायची ना डागांवरून."

"मेच्या शेवटच्या रविवारी. दरवर्षी. आणि आता सात जून, गेल्या वर्षी नऊ. लिली तीच आहे, कंद तेच आहेत. जागा बदलली. तिथे चर्चची सावली आहे, भावोजी. तिथे सगळंच दोन आठवडे मागे चालतं."

एका वेलीचा सुटलेला फुटवा त्याने तारेत परत खोचला. काम काही नव्हतं, पण तो ते बराच वेळ करत राहिला.

"म्हणजे क्लेमांसने मला चुकवलं म्हणतेस," तो शेवटी म्हणाला.

"क्लेमांसने नाही. सावलीने."

"माझ्या वडिलांनी कुठे सांगितलं होतं, भिंतीजवळचीच लिली म्हणून? ते म्हणाले, लिली. तिथे बसलो की मला बरं वाटतं, रेजीन. वर्षातून एक दिवस ती मला काहीतरी सांगते. एवढं राहू दे."

"राहू दे ना. तिच्याजवळ बसा, रोज बसा. फक्त तोडणी तिथून मोजू नका."

"आणि मोजून काय बिघडलं?" आता त्याचा आवाज चढला. "वाईन बिघडली? वाईन बिघडली असती तर मला कळलं नसतं? साठ वर्षं हेच करतोय मी."

रेजीनने तोंड उघडलं, पण तो थांबलाच नाही.

"तुला म्हणून सांगतो. कोणाला सांगितलेलं नाही. घरी मला ती फिकी लागते. तीन वर्षं झाली. तळघरात उतरतो, ग्लास भरतो, घोट घेतो, काही नाही. जीभ म्हणजे लाकूड. डॉक्टरकडे गेलो. तो म्हणाला, वय झालं की होतं, जवळचं माणूस गेलं तरी होतं, सवय करून घ्या. म्हटलं, ठीक. माझी जीभ गेली. पण वाईनचं कसं कळणार? म्हणून गुरुवारी तुझ्याकडे येतो. तुझ्या सॉसमध्ये माझ्या वाईनशिवाय आंबट असं काही पडत नाही. तुझ्या आईचा नियम. लोण्यातून तेवढी एक धार मला अजून कळते. पाव बुडवतो, आणि ती असते. म्हणजे वाईन बरोबर आहे, बिघडलोय तो मी. एवढी खात्री झाली की माझा आठवडा निघतो."

वाऱ्याने पानं उलटी झाली आणि परत सुलटी झाली. खालच्या रस्त्यावरून कोणाचा तरी ट्रॅक्टर रिकामी ट्रॉली खडखडवत गेला.

रेजीनला वाटलं होतं, आपण तीन वर्षं एका वाईनचा दोष झाकतोय. प्रत्यक्षात चमचा चमचा करून तिने या माणसाला पटवून दिलं होतं की तो स्वतः निकामी झालाय.

"भावोजी, सॉसमध्ये व्हिनेगर असतं."

"काय?"

"मी घालते. तीन वर्षं. आधी अर्धा चमचा, मग एक, आता दोन. पिठाच्या डब्यामागे बाटली आहे. नादेजला माहीत आहे. तुम्हाला सांगायचं राहून गेलं, असंही म्हणत नाही. सांगायचं टाळलं. आणि तुमची बाटली सकाळपासून बर्फात ठेवते, तीही त्याचसाठी. गार असली की कळत नाही."

आरिस्तीद तिच्याकडे पाहत राहिला. तो आता ओरडेल असं तिला वाटलं. ओरडला असता तर तिला बरंच वाटलं असतं.

"दोन चमचे," तो म्हणाला.

"दोन. भरून."

तो वळला आणि ओळीतून वर चालत गेला, पार टोकाच्या दगडी बांधापर्यंत. तिथे त्याने पाठमोरं उभं राहून एक मणी तोडून खाल्ला. मग दुसरा. रेजीनला त्याचा जबडा हलताना दिसत होता. तिसरा खाऊन तो थुंकला, तळहातात बिया घेऊन निरखत राहिला आणि मग सावकाश खाली आला. त्याचे डोळे ओले होते, पण चेहऱ्यावर रडू नव्हतं.

"आंबट आहे," तो म्हणाला. "कडांना लागतंय. दोन्ही."

"लागणारच."

"म्हणजे माझी जीभ..."

"तुमची जीभ धडधाकट आहे. माझ्याहून चांगली आहे, पहिल्यापासून. ती तीन वर्षं खरं सांगत होती. खोटं मी सांगत होते."

"त्या डॉक्टरने मला गोळ्या दिल्या, रेजीन! जेवणाआधी एक, जेवणानंतर एक!"

"घेतल्या?"

"घेतल्या तर. गाबोरीला विचारून घेतल्या. तो म्हणाला, अपाय नाही, उपायही नाही, पण रंग छान आहे." आणि तो हसला. हसता हसता त्याला ठसका लागला. रेजीनने त्याच्या पाठीवर दोन थापा मारल्या, लहानपणी क्लेमांस तिच्या पाठीवर मारायची तशा. मग दोघंही बांधावर बसली. दगड तापलेला होता.

आरिस्तीदने चाकू उघडून एक घड कापला आणि दोघांच्या मधे ठेवला. दोघं एकेक मणी खात राहिली.

"राग यायला हवा मला," तो म्हणाला.

"आला तरी चालेल."

"उद्या येईल. आज जरा जीभ परत मिळालीये, ती वापरू दे." त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "सोमवारी तोडायचं म्हणतेस. माणसं कुठून आणू? सगळ्यांना सोळा तारीख सांगून ठेवलीय."

"सोमवारी खानावळ बंद असते. मी येते. नादेज येईल. ती तोंड थांबवणार नाही, पण हातही थांबवत नाही. तिचे दोन भाऊ आहेत. तुमच्यापलीकडच्या घरातल्या माणसांना विचारलं तर ती नाही म्हणणार नाहीत."

"औषधवाल्याला आणू नकोस. तो प्रत्येक घडाचं वजन करत बसेल."

"त्यांना जेवण आणायला सांगते."

"आणि जेवणात वाम. लसूण घालून. ताज्या रसाबरोबर तळलेली वाम खाल्ली नाही तर तोडणी झाली असं मला वाटतच नाही." त्याने घडावरचा शेवटचा मणी तिच्याकडे सरकवला. "सोमवार तर सोमवार. उद्या कात्र्यांना धार लावून ठेवतो."

त्याने टोपी घातली, पण उठला नाही. चाकूचं पातं मिटलं, उघडलं, परत मिटलं. रेजीनला कळलं की आणखी काहीतरी यायचं आहे.

"नवी वाईन साक्यावर मुरणार, बाटलीत यायला वसंत उजाडणार," तो नदीकडे बघत म्हणाला. "तळघरात गेल्या वर्षीची अजून बरीच आहे. तुझ्याकडे कालवं सुरू होतील आता. हा हिवाळा तेवढी जुनीच नेशील ना? एवढी वर्षं तुझ्या टेबलावर दुसऱ्या कोणाची बाटली लागलेली नाही."

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. विनंती केली असं कोणी म्हणू नये, एवढ्या हलक्या आवाजात तो बोलला होता. रेजीनने हात मांडीवर पुसले. हो म्हणायला एक श्वासही लागला नसता, आणि एवढं सगळं झाल्यावर त्या माणसाला तेवढं द्यायला हवं होतं असंच कोणालाही वाटलं असतं. तिलाही वाटलं. पण कालवं, आणि न सांगता नदीपलीकडे गेलेली ती तीन घरं, आणि शेजारी बसलेला, जीभ परत मिळालेला हा माणूस, ज्याच्यासमोर आता काहीच गार करून ठेवता येणार नव्हतं.

"नाही, भावोजी," ती म्हणाली. "जुनी मी नेणार नाही. तुमची नवी येईपर्यंत माझ्याकडे पेरीनची वाईन लागेल."